गाजर गवताची ॲलर्जी: वर्षानुवर्षं काही होत नाही, मग अचानक त्रास का सुरू होतो?

शेताचा बांध, रस्त्याची कड, शाळेचं मोकळं आवार, पडीक प्लॉट. पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत दिसत नाही असं गाव महाराष्ट्रात शोधावंच लागेल. या गवतामुळे होणारी त्वचेची ॲलर्जी मात्र अनेकदा 'उष्णता', 'खरूज' किंवा 'नायटा' समजून अंगावर काढली जाते. मेडिकलमधून एखादं मलम आणलं जातं, चार दिवस बरं वाटतं आणि खाज पुन्हा सुरू होते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावांमध्ये हा प्रश्न फक्त खाजेचा नसतो. ज्या शेतामुळे त्रास होतो, त्याच शेतात दुसऱ्या दिवशी निंदणीला जावं लागतं. ही ॲलर्जी नेमकी काय आहे, ती ओळखायची कशी आणि तिच्यासोबत काम कसं करायचं?

हे गवत आलं कुठून?

गाजर गवताचं शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. पानं गाजराच्या पानांसारखी दिसतात म्हणून गाजर गवत. काँग्रेस गवत आणि चटक चांदणी ही त्याचीच इतर नावं. मूळचं ते अमेरिका खंडातलं. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी पुण्यात आढळलेल्या या वनस्पतीची नोंद १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली. अमेरिकेतून आलेल्या गव्हासोबत त्याचं बी भारतात पोहोचलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

पुढच्या काही वर्षांत पुणे परिसरात त्वचेच्या एका विशिष्ट त्रासाचे रुग्ण वाढू लागले. डॉ. ए. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद केली आहे.

गवत पसरण्याचं कारण त्याच्या बियांमध्ये आहे. एक झाड हजारो बिया तयार करतं. उगवल्यावर साधारण महिनाभरात त्याला फुलं येऊ लागतात आणि ओलावा मिळाला तर ते वर्षभर वाढतं.

ठसका आणि ॲलर्जी यात फरक काय?

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीजवळून जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. ही ॲलर्जी नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन नाका-घशातल्या मज्जातंतूंना थेट चेतवतं, त्यामुळे त्रास सगळ्यांनाच होतो आणि तिथून दूर गेलं की थांबतो.

ॲलर्जी मात्र काहींनाच होते, कारण तिथे चूक शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेची असते. गाजर गवताच्या केसाळ पृष्ठभागावर पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते त्वचेत शिरल्यावर काही लोकांच्या टी पेशी त्याला शत्रू समजतात आणि लक्षात ठेवतात. ही ओळख पक्की व्हायला अनेकदा महिने किंवा वर्षं लागतात. म्हणूनच "आम्ही लहानपणापासून हे गवत उपटतोय, तेव्हा काही झालं नाही" हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. इतकी वर्षं झालेला संपर्कच आजच्या त्रासाचं कारण असू शकतो.

एकदा ही ओळख पक्की झाली की ती सहसा पुसली जात नाही. मग थोडासा संपर्कही पुरतो. गवताला हात लागलाच पाहिजे असं नाही. वाळलेल्या गवताचे बारीक कण वाऱ्यावर उडून अंगावर बसले तरी पुरळ उठतं. संपर्कानंतर साधारण एक ते तीन दिवसांनी त्रास दिसत असल्यामुळे कारण आणि परिणाम यांचा संबंध चटकन लक्षात येत नाही.

काहींना याच गवताच्या परागकणांमुळे शिंका, नाक वाहणं किंवा दमा होतो. त्याची यंत्रणा वेगळी आहे. त्यात आयजीई नावाची प्रतिपिंडं काम करतात आणि त्रास काही मिनिटांत सुरू होतो.

कसं ओळखायचं?

- जागा: पापण्या, चेहरा, मान, गळ्याखालचा उघडा भाग, कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घड्या. पुढे त्वचा जाड, काळपट आणि खरखरीत होते.
- उन्हाच्या ॲलर्जीपेक्षा वेगळं: ऊन न पोहोचणाऱ्या वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग आणि कानांमागची जागा इथेही त्रास होतो, कारण हवेतले कण तिथेही बसतात. जुन्या रुग्णांमध्ये मात्र ऊनही सोसेनासं होऊ शकतं.
- खरजेपेक्षा वेगळं: खरजेत बोटांच्या बेचक्यांत पुरळ येतं, रात्री खाज वाढते आणि घरातल्या इतरांनाही लागण होते. गाजर गवताची ॲलर्जी एकापासून दुसऱ्याला होत नाही.
- नायट्यापेक्षा वेगळं: नायट्याचा चट्टा बहुधा गोल आणि कडेला उठावदार असतो.
- हंगाम: सुरुवातीला त्रास गवत वाढण्याच्या दिवसांत होतो. दुर्लक्ष केलं तर तो वर्षभर राहू शकतो.

खात्रीसाठी पॅच टेस्ट करतात. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात, साधारण ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एकदा तपासतात. या काळात पाठ ओली करायची नसते. त्यामुळे दोन-तीन फेऱ्या आणि तेवढ्या दिवसांची मजुरी यांचा हिशेब आधीच करावा लागतो. ही चाचणी कुठे उपलब्ध आहे, याची चौकशी जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात करता येते. घरच्या घरी गवत चोळून पाहणं धोक्याचं आहे.

उपचार काय?

ॲलर्जी मुळापासून घालवणारं औषध नाही. त्रास आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत. डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी स्टेरॉइडचं मलम देतात, चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमससारखं वेगळं मलम वापरतात. खाजेच्या गोळ्यांनी थोडा आराम पडतो, पण या प्रकारच्या ॲलर्जीत हिस्टामिनची भूमिका मर्यादित असल्यामुळे त्या पुरेशा ठरत नाहीत. जुनाट आणि तीव्र त्रासात अझाथायोप्रिनसारखं रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं जातं. ते सुरू असताना ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करावीच लागते.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते चिठ्ठीशिवाय आणलेल्या मलमांमुळे. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या मलमाने पटकन बरं वाटतं. पण ते महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते आणि मुळात नायटा असेल तर तो दबून पसरतो.

झाडपाला लावतानाही काळजी हवी. जखमेवर चोळला जाणारा दगडीपाला, शेवंती, सूर्यफूल आणि शंकेश्वर ही गाजर गवताच्याच कुळातली झाडं आहेत. ॲलर्जी असलेल्या काहींना त्यांचाही त्रास होतो.

शेतात काम करावंच लागत असेल तर?

- ज्याला ॲलर्जी आहे, त्याने गाजर गवत स्वतः उपटू नये. निंदणीची वाटणी करताना त्याला दुसरं काम द्यावं.
- पूर्ण बाह्यांचे कपडे, मानेभोवती आणि चेहऱ्यावर सुती रुमाल, पायात बूट. मोटारसायकलवरही चेहरा झाकावा.
- घरी आल्यावर लगेच अंघोळ करावी. शेतातले कपडे वेगळे धुवावेत आणि गवताजवळ वाळत घालू नयेत.
- वाळलेलं गवत पेटवू नये. धूर आणि उडणारे कण दोन्ही त्रासदायक ठरतात.
- आंघोळीनंतर त्वचेवर साधं खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावल्यास कोरडेपणा कमी होतो. तेल सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारावं.

श्वास घ्यायला त्रास, छातीत घरघर, ओठ किंवा जीभ सुजणं यांपैकी काहीही झालं तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा.

एकट्याने काळजी घेऊन भागतं का?

पूर्णपणे नाही. रुग्णाने स्वतःचा बांध साफ केला आणि शेजारचा पडीक तुकडा तसाच राहिला, तर वाऱ्यावर कण येतच राहतात. त्यामुळे हे काम गावाने मिळून करायचं आहे.

गवत फुलांवर येण्याआधी, पावसाने जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणं सर्वांत सोपं. फुलं नसलेल्या गवताचं कंपोस्ट करता येतं. मोकळ्या जागेत तरोटा वाढू दिला तर तो गाजर गवताला दाबतो. मेक्सिकन भुंगा हा कीटक १९८० च्या दशकात भारतात आणला गेला. पावसाळ्यात तो गवताची पानं खाऊन फस्त करतो, पण कोरड्या हंगामात जमिनीत निद्रिस्त राहतो. म्हणून केवळ त्याच्यावर विसंबता येत नाही.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. ग्रामपंचायत, शाळा आणि बचत गटांना सफाईसाठी हे दिवस सोयीचे आहेत. मात्र बी जमिनीत टिकून राहत असल्यामुळे एकदा उपटून भागत नाही. नवीन रोपं दिसतील तशी, फुलण्याआधी, पुढची काही वर्षं काढत राहावी लागतात. सफाईला निघणाऱ्यांमध्ये आधीपासून ॲलर्जी किंवा दमा असलेलं कोणी नाही ना, एवढी खात्री तेवढी आधी करून घ्यावी.