शेगांवचें सेवाग्राम

वर्धा शहरापासून सुमारें 8 किलोमीटरवर सेवाग्राम आहे. हें नांव जगास ठाऊक आहे. परंतु ज्या खेड्यास तें लाभलें त्याची हकीकत क्वचितच सांगितली जाते. ती थोडक्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

गांवाचें मूळ नांव शेगांव. भोंवतीं काळी जमीन, तींत कापूस, ज्वारी व तूर. वस्ती हजाराच्या आंतबाहेर. तींतील मोठा भाग अस्पृश्य गणलेल्या लोकांचा. मालगुजार शेठ जमनालाल बजाज. गांवास धड रस्ता नव्हता, टपालकचेरीही नव्हती.

1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी येथें राहावयास आले. त्यांनीं गांवकऱ्यांस आपला हेतु सांगितला, तेव्हां वृद्ध पाटलांनीं त्यांचें स्वागत केलें. पण अस्पृश्यतानिवारणांत आपलें साह्य होणार नाहीं, हेंही तोंडावर सांगितलें. पाटलांचें मत चुकीचें होतें. मात्र गांवाचा दोष त्यांनीं पाहुण्यापासून लपविला नाहीं. त्याच वर्षीं हिंवतापानें गांधीजींसही गांठलें व त्यांस वर्ध्याच्या इस्पितळांत हलवावें लागलें. गांवाचें दुखणें तें पाहुण्याचेंही झालें.

बुलढाणा जिल्ह्यांतील प्रसिद्ध शेगांवामुळें टपालाचा घोटाळा होई, म्हणून 1940 सालीं गांवास सेवाग्राम हें नांव मिळालें. सिलोनचे ख्रिस्ती गृहस्थ आर्यनायकम् व त्यांच्या पत्नी आशादेवी यांनीं येथें नई तालीमचें काम चालविलें. 1944 सालीं डॉ. सुशीला नय्यर यांनीं लहानसा दवाखाना उघडला. त्यांतूनच पुढें मोठें इस्पितळ व 1969 सालीं वैद्यकीय महाविद्यालय उभें राहिलें. गांधीजी मात्र 1946 च्या ऑगस्टांत गेले ते परतले नाहींत.

आज या गांवीं रोगी, विद्यार्थी व यात्रेकरू यांची वर्दळ असते. जिल्ह्याची स्थिति निराळी आहे. 2001 सालीं वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 12,36,736 होती, ती 2011 सालीं 13,00,774 झाली; म्हणजे दहा वर्षांत वाढ शेंकडा 5 च्या थोडी वर, तर सर्व महाराष्ट्राची सुमारें 16. ज्या खेड्यास असा पाहुणा लाभला नाहीं, त्याची आठवण कोण ठेवणार?

पाहुणा दहा वर्षें राहिला. गांवकरी त्यापूर्वीं नांगर धरीत होते व पुढेंही धरीत राहिले. धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वहींत लहानथोर प्रत्येकाचें नांव उतरतें. खेड्याच्या इतिहासांतही तसेंच व्हावें, एवढीच आमची इच्छा.