गुलामांचे राज्य आणि चार राजे

नगरच्या सावेडीत भिस्तबाग चौक कुणीही दाखवील. पण हे नाव 'हश्त बिहिश्त', म्हणजे आठ स्वर्ग, या निजामशाही बागेवरून आले, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. ही बाग लावणाऱ्या घराण्याची मुळे मात्र स्वर्गात नव्हती, गुलामीत होती. फिरिश्ता सांगतो की पाथरीच्या ब्राह्मण कुळातला तिमाप्पा विजयनगरच्या लढाईत बहमनी फौजेच्या हाती लागला. बाटवून त्याला दरबारात गुलाम म्हणून ठेवले, आणि पुढे तोच मलिक हसन म्हणून बहमनींचा वजीर झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद 1490 मध्ये स्वतंत्र झाला. नगर वसवले ते त्याने.

गुलामाचा मुलगा गादीवर बसतो म्हटल्यावर गुलामगिरी चूक की बरोबर, हा प्रश्न दरबारात कोण काढणार? अमेरिकेत तोच प्रश्न 1861 साली तोफांपर्यंत गेला. नगरात भांडण पेटले ते निराळ्या कारणाने. इथे गुलाम हाच राजकारणातला एक पक्ष होता.

दख्खनी मुसलमान एका बाजूला, इराण-तुराणातून आलेले 'आफाकी' म्हणजे परदेशी दुसऱ्या बाजूला, आणि आफ्रिकेतून विकत आणलेले हबशी बहुधा दख्खनींच्या सोबत. मुलूख, जहागिरी, वजिरी, सगळ्यांवर या गटांचा डोळा. 1589 मध्ये जमालखान या सरदाराच्या दख्खनींनी नगरात परदेश्यांची कत्तल केली, तेव्हाच पुढचे दिसायला हवे होते.

दिसले नाही. 1595 मध्ये बुऱ्हाण निजामशहा वारला, त्याचा मुलगा इब्राहिम काही महिन्यांतच विजापूरकरांशी लढताना पडला आणि एका गादीला चार दावेदार झाले. सरदार मियाँ मंजूने अहमद नावाचा मुलगा बसवला. तो राजवंशातला नाहीच, अशी बोंब उठली आणि हबशी सरदार इखलासखान फिरला. त्याने मोती नावाचे पोर पुढे केले. दुसरा हबशी, अभंगखान, म्हाताऱ्या शहाअलीच्या नावाने उभा राहिला. राजघराण्यातल्या चांदबिबीने इब्राहिमच्या तान्ह्या बहादुरची बाजू घेतली. चौघांकडे फौज होती, चौघांकडे राजा होता. राज्य तेवढे एकच होते!

हबशांनी कोंडीत धरल्यावर मंजूने गुजरातेतून मुघल शहजादा मुरादला बोलावणे धाडले. घरच्या भांडणात शेजाऱ्याला न्यायाधीश केले की तो घराची किंमत काढूनच उंबरा ओलांडतो. डिसेंबर 1595 मध्ये मुराद येऊन ठेपला तेव्हा मंजूला पश्चात्ताप झाला. पण वेढा पडलाच. चांदबिबीने किल्ला लढवला, तरी 1596 च्या तहात वऱ्हाड गेले. जुलै 1600 मध्ये तिलाच तिच्या माणसांनी मारले आणि ऑगस्टमध्ये किल्ला मुघलांच्या हाती गेला.

या धांदलीत अभंगखानाच्या पथकात एक हबशी स्वार होता. लहानपणी विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला, आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान या मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा झालेला. चंगेजखान स्वतः हबशीच. त्या स्वाराचे नाव मलिक अंबर. 1600 नंतर त्याने परांड्यावर दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवले आणि मोडलेले राज्य पाव शतक तगवले. 1624 मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्याने मुघल आणि विजापूरकर दोघांना धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी कामी आले.

अंबरने गुलामी मोडली का? नाही. सत्ता हाती आल्यावर त्यानेही हबशी गुलामांची फौज बाळगली. ज्या शिडीने तो चढला ती मोडावी असे त्याला वाटले नसावे. दोष द्यायचा तर त्या काळातल्या प्रत्येक दरबाराला द्यावा लागेल.

गुलामी मोडायला फार उशीर लागला. कंपनी सरकारने 1843 साली गुलामगिरीला कायद्याचा आधार उरू दिला नाही. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या पुस्तकातला गुलाम हबशी नव्हता, इथलाच शूद्रातिशूद्र होता.

आणि अंबर? तो 1626 मध्येच वारला होता. त्याची कबर खुलताबादेत आहे. निजामशाही त्याच्यामागून दहाच वर्षे टिकली.