घरगुती आतिथ्य आणि पार्श्वसंगीत : एक धावता मागोवा

या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पोलादाचा आणि वसाहतीचा इतिहास सांगण्याचे भारदस्त काम जाणत्या मंडळींनी आधीच अंगावर घेतले असल्यामुळे आमच्या वाट्यास एक घरगुती विषय आला आहे. पाहुणे आले असता दिवाणखान्यात गाणे लावावे काय, आणि लावावयाचे तर कोणते? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्यालाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आमच्या घराचा एक लहानसा अपराधही नमूद आहे.

'पार्श्वसंगीत' हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळला तो चित्रपटामुळे. घरासाठी अशा शब्दाची गरजच नव्हती. आपल्याकडे संगीताच्या जागा मुख्यतः दोन. एक बैठकीची : गवई समोर, श्रोते सावरून बसलेले, आणि मध्येच बोलेल तो अरसिक. दुसरी जागा दाराशी, सनई-चौघड्याची. पुण्याच्या शनिवारवाड्यात दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे. आत माणसांचे व्यवहार चालावेत आणि वर मंगलवाद्ये झडावीत, अशी ही योजना. लग्नघरी सनई कोणी मांडी घालून ऐकत नाही. विहिणींचे रुसवे, मुलांची रडारड, वाढप्यांची हाकाटी हे सारे तिच्या सुरांच्या सावलीत चालते. मात्र ती थांबली की मांडव सुना वाटू लागतो. म्हणजे न ऐकण्याचे संगीत आपणांस ठाऊक होते, पण त्याला उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता.

तो यंत्राने दिला, आणि तोही एकदम नव्हे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले आणि पुढे फोनो घरोघरी मिरवू लागला. परंतु त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. यजमानाने दरवेळी उठावे, किल्ली भरावी, सुई बदलावी. अशा धावपळीत गप्पा कसल्या? तबकडी लावणे हाच पाहुण्यांसाठी कार्यक्रम असे. रेडिओने सलग सूर दिला खरा, पण निवड यजमानाच्या हाती ठेवली नाही. १९५२ मध्ये केसकरांच्या मंत्रिपदाच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांना आखडता हात दाखविला, तेव्हा लोकांनी काटा सिलोनकडे फिरविला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू करावी लागली. खरा पालट घडविला तो १९४८ मध्ये अमेरिकेत निघालेल्या लाँग-प्ले तबकडीने. एका बाजूस वीस मिनिटे आणि त्याहून अधिक! यजमान प्रथमच तबकडी लावून पाहुण्यांजवळ स्वस्थ बसू शकला.

आता आमच्या भिलाईकडे वळू. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि सेक्टरांतील क्वार्टरांत सर्व प्रांतांचे लोक शेजारी म्हणून नांदू लागले. विदर्भातून आलेल्या आमच्या वडिलांनी हौसेने रेकॉर्ड-प्लेअर घेतला होता. १९८० च्या सुमाराची दिवाळी असेल. फराळास एक बंगाली कुटुंब आणि नागपूरकडचे एक वयोवृद्ध मराठी गृहस्थ आले होते. वडिलांनी, गप्पांना शोभा यावी म्हणून, गीतरामायणाची तबकडी लावली. हे गृहस्थ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते दर आठवड्यास होत असताना भक्तिभावाने ऐकणाऱ्यांपैकी होते. त्यांनी ताटली खाली ठेवली, डोळे मिटले आणि हात जोडले. बंगाली काका त्या वेळी आपल्या मुलीचे लग्न ठरल्याची वार्ता सांगत होते. वृद्ध गृहस्थांनी बोट ओठांवर ठेवून त्यांना गप्प केले. तबकडीची बाजू संपेपर्यंत कोणी बोलले नाही. ज्यांना शब्द कळत नव्हते तेही, बिचारे, माना खाली घालून बसले. ती वार्ता मग अपुरीच राहिली आणि मंडळी लवकर उठली. दोष कोणाचा? वृद्ध गृहस्थांचा तर नव्हेच. बैठकीत ऐकावयाची वस्तू आम्ही सनईच्या जागी बसविली होती.

याच्या नेमका उलट प्रसंग पॅरिसमध्ये घडला होता. एरिक साती या संगीतकाराने खुर्ची-मेजासारखे खोलीत नुसते असावे असे 'फर्निचर-संगीत' कल्पिले होते. मार्च १९२० मध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात ते वाजू लागताच प्रेक्षक निमूटपणे जागेवर येऊन ऐकू लागले, आणि साती हिंडून 'बोला, फिरा, ऐकू नका' असे विनवू लागला!

आमच्या वडिलांनी त्या दिवाळीनंतर धडा घेतला. पाहुण्यांसाठी शब्दांविना संगीत, हा नियम झाला. १९६७ साली निघालेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी त्यांच्या विशेष मर्जीतली. शिवकुमार शर्मांचे संतूर, चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार यांत मल्याळी, पंजाबी, बंगाली कोणासच परके वाटण्याचे कारण नव्हते. विषय रंगला की सूर आपोआप मागे सरत, बोलणे थबकले की पुढे येत. वाद्यसंगीत हलके असते असे मात्र आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही.

पुढे आम्हीही हाच नियम पाळला आणि चुकलो. वडिलांस अलीकडे ऐकू कमी येते. कानाचे यंत्र आहे, परंतु ते माणसाच्या बोलण्याबरोबर संतूरही मोठे करते. पाहुणे आले की ते थोडा वेळ हसून मान डोलवीत आणि मग पाणी पिण्याच्या निमित्ताने आतल्या खोलीत जात. आम्हांस वाटे, वयोमानाने थकतात. कारण सौभाग्यवतीच्या ध्यानी आले, आमच्या नव्हे.

गेल्या दिवाळीस आम्ही बिस्मिल्लाखाँ साहेबांची सनई लावली ती बाहेर, व्हरांड्यात, पायऱ्यांजवळ, आणि मधले दार लोटून घेतले. येणाऱ्यांनी चपला काढताना ती ऐकली. आत वडील चिवड्याची ताटली घेऊन सर्वांच्या मध्ये बसले होते आणि बंगाली काकांच्या त्या अपुऱ्या राहिलेल्या वार्तेची हकीकत सांगत होते.