ऑस्लोची एक माता आणि हिरवा रंग

१९३४ सालीं नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील विद्यापीठांत आस्ब्यर्न फॉलिंग या नांवाचे एक प्राध्यापक होते. त्यांनीं प्रथम रसायनशास्त्राची पदवी संपादन केली होती आणि मागाहून वैद्यकाचा अभ्यास पुरा केला होता. वैद्याला रसायनशास्त्र येतें तें बहुधा परीक्षेपुरतें. फॉलिंग यांचें तसें नव्हतें. रोग्याची नाडी आणि रसायनाची नळी या दोहोंवर त्यांचा हात सारखाच बसलेला होता. त्या वर्षीं त्यांच्याकडे एक बाई आपल्या दोन मुलांचें गाऱ्हाणें घेऊन आल्या. बाईंचें नांव बोर्ग्नी एगेलँड. त्यांचे यजमान हॅरी हे दंतवैद्य असून विद्यार्थिदशेंत त्यांनीं फॉलिंग यांच्या हाताखालीं शिक्षण घेतलें होतें. एवढ्याच ओळखीच्या आधारावर हें दांपत्य त्यांच्याकडे आलें होतें.

थोरली मुलगी लिव्ह १९२७ सालची. जन्मली तेव्हां तिच्यांत कांहीं उणें दिसत नव्हतें. परंतु बोलण्याचें वय आलें आणि गेलें. शब्द फुटले ते मोजके, आणि तेही फार उशिरा. चालही जड आणि ताठर. पहिलें मूल मागें राहिलें तरी दुसरें तसें होईल असें कोणत्या आईबापांना वाटतें? १९३० सालीं डॅग हा मुलगा झाला आणि त्याची अवस्था बहिणीपेक्षांही बिकट ठरली. चार वर्षांचा झाला तरी त्याला पाऊल टाकतां येईना, एक शब्द बोलतां येईना. तान्ह्या मुलाप्रमाणेंच त्याचें सारें करावें लागे. शिवाय दोन्ही मुलांच्या अंगाला एक चमत्कारिक कुबट वास येई. कितीही न्हाऊं घाला, कपडे कितीही बदला, तो वास जात नसे.

बोर्ग्नीबाईंनीं एका डॉक्टरामागून दुसऱ्या डॉक्टराचे उंबरठे झिजविले. पदरीं आली ती निराशाच. मुलें मंदबुद्धि आहेत, हें जें घरांतील मोलकरणीलाही दिसत असेल, तेंच डॉक्टर पुन्हां पुन्हां सांगत. कां, हें कोणीच सांगत नसे. बाईंचा प्रश्न मात्र साधा होता. मुलांच्या बुद्धीचा आणि त्या वासाचा कांहीं संबंध आहे काय? शास्त्र न शिकलेल्या या आईनें विचारलेला प्रश्न शास्त्रज्ञांना सुचलेला नव्हता, हें येथें नमूद केलेंच पाहिजे. वास आईच्या नाकाला येतो. डॉक्टर घटकाभर बसतो आणि जातो.

फॉलिंग यांना आरंभीं फारशी आशा नव्हती. तथापि मुलांचें मूत्र तपासण्यास त्यांनीं होकार दिला. नेहमींच्या तपासण्यांत वावगें असें कांहीं निघालें नाहीं. मग त्यांनीं मूत्रांत फेरिक क्लोराइड या लोहक्षाराचे कांहीं थेंब टाकले. मधुमेहाच्या रोग्यांत ही परीक्षा त्या काळीं नित्य केली जाई. द्रव तांबूस झाला तर रोग बळावला असें समजत, नाहीं तर तो पिवळसरच राही. येथें निराळेंच घडलें. नळींत गडद हिरवा रंग चढला आणि थोड्या वेळानें फिका पडून नाहींसा झाला. असा रंग फॉलिंग यांनीं कधीं पाहिला नव्हता, वाचलाही नव्हता. एखाद्या औषधाचा हा परिणाम असावा, अशा शंकेनें त्यांनीं आठवडाभर मुलांचीं सर्व औषधें बंद ठेवावयास सांगितलीं. तरीही रंग हिरवाच.

मग खरें काम सुरू झालें. अज्ञात द्रव्य शुद्ध स्वरूपांत काढावयाचें तर मूत्र पुष्कळ हवें. बोर्ग्नीबाई तें गोळा करून प्रयोगशाळेंत पोंचवूं लागल्या. अशा रीतीनें सुमारें वीस लिटर मूत्र जमलें. लंगोटांत गुंडाळलेल्या चार वर्षांच्या मुलाचें मूत्र दिवसामागून दिवस जमविणें ही काय यातायात आहे, तें घरांत लहान मूल असलेल्या कोणालाही सांगावयास नको. त्या वीस लिटरांतून फॉलिंग यांनीं अखेर स्फटिकरूप द्रव्य वेगळें केलें, आणि तें फेनिलपायरुव्हिक आम्ल आहे असें सिद्ध केलें. निरोगी माणसाच्या मूत्रांत हें आम्ल असें सांपडत नाहीं.

दोन भावंडांवरून नियम बांधणें त्यांना प्रशस्त वाटलें नाहीं. ऑस्लोच्या आसपासच्या संस्थांत ठेवलेल्या ४३० मंदबुद्धि रोग्यांचें मूत्र त्यांनीं तपासलें; आणखी आठ ठिकाणीं तोच हिरवा रंग उमटला. यांतही भावंडांच्या जोड्या निघाल्या, म्हणजे दोष वंशपरंपरेनें येणारा आहे हें उघड झालें. १९३४ सालींच त्यांनीं आपला निबंध जर्मन भाषेंत प्रसिद्ध केला. पुढें इंग्लंडांतील पेनरोझ यांनीं रोगाला ‘फेनिलकीटोनूरिया’ हें नांव दिलें आणि तेंच रूढ झालें.

या रोगाचें मर्म असें आहे. दूध, डाळी, अंडीं, मांस, गहू अशा बहुतेक सर्व अन्नांतील प्रथिनांत फेनिलअॅलनीन नांवाचें एक घटकद्रव्य असतें. यकृतांतील एक विकर त्याचें दुसऱ्या द्रव्यांत रूपांतर करितें. हें विकर जन्मतः निकामी असेल, तर फेनिलअॅलनीन रक्तांत साठत जाऊन वाढत्या मेंदूला मारक ठरतें, आणि त्याचा अंश आम्लाच्या रूपानें मूत्रावाटे बाहेर पडतो. त्वचा आणि केस यांना रंग देणारें द्रव्यही ह्याच वाटेनें तयार होत असल्यामुळें अशीं मुलें भावंडांपेक्षां गोरीं व फिक्या केसांचीं असतात. आईच्या पोटांत असतां आईचें यकृत हें काम निभावून नेतें. म्हणून जन्मतः मूल निर्दोष दिसतें आणि दूध पिऊं लागल्यावर दोष वाढीस लागतो. अन्नच विष व्हावें, आणि तें आईनेंच प्रेमानें भरवावें, असा हा विलक्षण रोग आहे. आईबाप दोघेही स्वतः निरोगी असतात. परंतु दोघांकडून सदोष बीज आलें तरच मूल आजारी पडतें, आणि अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतींत ती शक्यता चारांत एक असते. एगेलँड यांच्या घरीं ती दोनदां खरी ठरली.

या शोधानें एगेलँड कुटुंबाच्या हातीं काय आलें? एक नांव. उपाय त्या वेळीं कोणाजवळच नव्हता. डॅग लहानपणींच वारला. लिव्ह मोठी झाली, परंतु तिला जन्मभर दुसऱ्यांच्या आधारानें राहावें लागलें. ज्या प्रश्नानें इतर हजारों मुलें वांचावयाचीं होतीं, त्याचें फळ प्रश्न विचारणारीच्या वाट्याला मात्र आलें नाहीं.

ह्याच काळांत अमेरिकेंत दुसरी एक आई हेंच दुःख निराळ्या रीतीनें भोगीत होती, आणि तिला तर नांवही माहीत नव्हतें. पर्ल बक या लेखिकेची मुलगी कॅरोल १९२० सालीं चीनमध्यें जन्मली. तिची बुद्धि वाढत नाहीं हें लक्षांत आल्यावर आईनें चीनमध्यें व अमेरिकेंत पुष्कळ डॉक्टरांना दाखविलें, आणि अखेर १९२९ सालीं न्यू जर्सींतील व्हाइनलंड येथील संस्थेंत तिला ठेवलें. त्या संस्थेचा खर्च भागविण्याची विवंचना हें त्यांच्या अविरत लेखनाचें एक कारण होतें. ‘द गुड अर्थ’ ही त्यांची कादंबरी १९३१ सालीं निघाली आणि १९३८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मुलीविषयीं जाहीरपणें त्या १९५० सालापर्यंत एक शब्द बोलल्या नाहींत. असें मूल ही घराण्याची लाज समजली जाई, तो काळ फार जुना नाहीं.

उपायाचा पहिला प्रयत्न इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें झाला आणि तेथेंही पुढाकार एका आईचाच होता. शीला नांवाच्या लहान मुलीला हा रोग असल्याचें तेथील मुलांच्या रुग्णालयांत हॉर्स्ट बिकेल या जर्मन डॉक्टरांनीं ठरविलें. निदान अचूक झालें, याचें डॉक्टरांना समाधान. मेरी जोन्स या तिच्या आईला त्याचें कांहींच कौतुक वाटलें नाहीं. उपाय काय, एवढेंच ती विचारी. आणि उत्तर मिळत नाहीं म्हणून ती रोज सकाळीं प्रयोगशाळेच्या दाराशीं येऊन उभी राही. अखेर बिकेल आणि त्यांचे सहकारी जेरार्ड व हिकमन्स यांनीं लंडनच्या लुई वूल्फ यांचा सल्ला घेऊन, दुधांतील प्रथिनाचें विघटन करून कोळशाच्या साह्यानें त्यांतून फेनिलअॅलनीन काढून टाकलें. १९५१ सालीं त्या बेचव, दुर्गंधी मिश्रणावर शीलेचा आहार सुरू झाला. प्रथम तिचें वजन घटूं लागलें, कारण थोडें फेनिलअॅलनीन शरीराला अवश्यच असतें. मापून थोडें दूध दिल्यावर तोल सांभाळला. कांहीं महिन्यांत ती रांगूं लागली, उभी राहूं लागली, केसांना रंग आला. एकसारखें रडणें आणि डोकें आपटणें थांबलें.

यापुढील गोष्ट सांगतांना संकोच वाटावा अशी आहे. सुधारणा आहारामुळेंच झाली कीं काय, याची खातरी करण्यासाठीं डॉक्टरांनीं आईला न कळवितां त्या मिश्रणांत फेनिलअॅलनीन मिसळलें. कांहीं तासांतच मूल रडूं लागलें. कांहीं दिवसांत उभें राहणें गेलें, रांगणेंही जेमतेम उरलें. घरीं एकटी आई हें पाहात होती आणि तिला कारण ठाऊक नव्हतें. प्रमाण निर्विवाद मिळालें, १९५३ सालीं निबंध प्रसिद्ध झाला, आणि जगांतील शंकेखोरांचीं तोंडें बंद झालीं, हें खरें. परंतु ज्या बाईच्या हट्टामुळें उपचार जन्मास आला तिलाच अंधारांत ठेवावयास नको होतें. शीलेचें बालपण मात्र सरळ गेलें नाहीं. आहार सुरू होण्यापूर्वींच मेंदूची हानि झालेली होती, आणि पुढें घरच्या अडचणींमुळें तो आहार चालविणें अशक्य होऊन तिला संस्थेंत ठेवावें लागलें.

आहार जन्मानंतर थोड्याच दिवसांत सुरू झाला तरच तो पुरा गुणकारी ठरतो, हें यावरून कळून आलें. पण जन्मतः निर्दोष दिसणाऱ्या मुलांतून नेमकें आजारी मूल निवडावें कसें? हें कोडें अमेरिकेंत बफेलो येथील रॉबर्ट गथ्री यांनीं सोडविलें. त्यांचा स्वतःचा एक मुलगा मंदबुद्धि होता आणि भाचीला हाच रोग होता. तिचें निदान फार उशिरा झालें होतें. नवजात बालकाच्या टांचेला टोंचून रक्ताचा थेंब टीपकागदावर घ्यावयाचा, तो कागद जंतु वाढविलेल्या थाळींत ठेवावयाचा. रक्तांत फेनिलअॅलनीन जास्त असेल तर त्याभोंवतीं जंतूंचें वर्तुळ दाट उमटतें. खर्च थोडा, आणि वाळलेला कागद टपालानें पाठवितां येई. १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानानें ही तपासणी कायद्यानें सक्तीची केली आणि मग ती देशोदेशीं पसरली. साखरेऐवजीं कृत्रिम गोडी घातलेल्या कित्येक पेयांच्या बाटल्यांवर आज फेनिलअॅलनीनविषयीं जी बारीक अक्षरांतील सूचना असते, ती ह्याच रोग्यांसाठीं असते. वाचणारांपैकीं फारच थोड्यांना तें ठाऊक असतें.

फॉलिंग यांना १९६२ सालीं अमेरिकेंत केनेडी पारितोषिक देण्यांत आलें. ह्याच दशकांत पर्ल बक यांना आपल्या मुलीच्या रोगाचें नांव कळलें; तेव्हां कॅरोलनें चाळिशी ओलांडली होती. फॉलिंग आणि पर्ल बक हीं दोघेंही १९७३ सालीं वारलीं. कॅरोल १९९२ सालापर्यंत जगली.