फुले, सावित्रीबाई : साहित्य व सेवाकार्य

सावित्रीबाई फुले : (३ जानेवारी १८३१–१० मार्च १८९७). महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या आद्य प्रवर्तक, कवयित्री व समाजसेविका. जन्म सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे, खंडोजी नेवसे पाटील यांच्या घराण्यात. १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहानंतर जोतीरावांनी त्यांना लिहिण्यावाचण्यास शिकविले. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. या कार्यास झालेल्या सामाजिक विरोधामुळे दोघांना जोतीरावांच्या वडिलांचे घर सोडावे लागले.

अध्यापनाच्या याच धकाधकीत त्यांचा काव्यफुले हा संग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. निसर्गवर्णनाबरोबरच विद्येचे महत्त्व व शूद्रातिशूद्रांना आत्मोन्नतीचे आवाहन हे त्यातील प्रमुख विषय होत. भाषा साधी असून शिकवणाऱ्या स्त्रीची तळमळ तीत जाणवते. जोतीरावांच्या निधनानंतर (१८९०) प्रसिद्ध झालेल्या बावन्नकशी सुबोध रत्नाकर या काव्यात त्यांनी पतीचे कार्य वर्णिले आहे.

त्यांच्या सेवाकार्यामागे समाजरचनेची चिकित्सा होती. पुनर्विवाहास बंदी असलेल्या उच्चवर्णीय विधवांना गर्भपात किंवा भ्रूणहत्येचा मार्ग पत्करावा लागे. अशा स्त्रियांच्या सुरक्षित बाळंतपणासाठी फुले दांपत्याने १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे येणाऱ्या स्त्रियांची देखभाल सावित्रीबाई करीत. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास दांपत्याने दत्तक घेतले. पुढे तो डॉक्टर झाला.

सावित्रीबाईंनी जोतीरावांस लिहिलेल्या पत्रांत लेखन व कार्य यांचा सांधा विशेष स्पष्ट दिसतो. नायगावहून लिहिलेल्या १८६८ च्या पत्रात, एका ब्राह्मण तरुणास व त्याच्या अस्पृश्य प्रेयसीस गावकऱ्यांच्या हातून वाचविल्याचा प्रसंग आहे. ओतूरहून लिहिलेले १८७७ चे पत्र दुष्काळाचे आहे. त्यात उपासमार, गाव सोडून जाणारी माणसे, सावकारांची वृत्ती व सत्यशोधक कार्यकर्त्यांची मदत यांचे वर्णन येते. दोन्ही पत्रांत त्या घटनेच्या मध्यभागी उभ्या आहेत. त्यामुळे कौटुंबिक पत्राला ऐतिहासिक साधनाचे मोल आले आहे.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली. डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी तेथे आणले. या सेवेतच त्यांना प्लेगची लागण होऊन त्यांचा मृत्यू झाला.

त्यांचे समग्र वाङ्मय १९८८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुणे विद्यापीठास २०१४ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यांची ग्रंथसंपदा अल्प आहे. तथापि कवितेतून ज्या वर्गांना त्यांनी विद्येचा मार्ग दाखविला, त्यांच्याच शुश्रूषेत त्यांनी देह ठेवला. शब्द व आचरण यांच्या या एकरूपतेमुळे आधुनिक मराठी प्रबोधनाच्या इतिहासात त्यांचे स्थान अनन्यसाधारण ठरते.