भाकरीतलं पाणी कुठं जातं?

मागच्या वर्षी अम्मीला कुंभारीहून सोलापूरला नेऊन तिचा एमआरआय काढला. अर्धांगाचा हलका झटका होता. उजव्या हाताची ताकद गेली होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "डोक्यात काय बघितलं?" मी म्हणालो, "मुख्यतः पाणी." ती आमच्या दखनीत म्हणाली, "पानीच देखनेकू इत्ता बडा मशीन?"

मी बी.ए. झालेला कवी माणूस. पण या प्रश्नानं मला वाचायला बसवलं आणि वाचता वाचता मी दवाखान्यातून तिच्या चुलीपाशी पोचलो.

गोष्ट १९४६ची. अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख यांनी पाण्यात आणि एडवर्ड पर्सेल यांनी मेणात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा संदेश पकडला. हे केंद्र म्हणजे इवलासा लोहचुंबकच. मोठ्या चुंबकात ठेवून त्याला रेडिओलहरींचा धक्का दिला, की मूळ स्थितीला येताना ते स्वतः संदेश देतं. १९५२ साली दोघांना नोबेल मिळालं. त्या वेळच्या भाषणात पर्सेल यांनी सांगितलं, की या शोधानंतर दारातल्या बर्फाकडेही ते नव्या नजरेनं पाहू लागले. मला हा शास्त्रज्ञ आपल्या जातकुळीतला वाटला.

यात आपलाही वाटा आहे. ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेतून १९५१ साली एक गाजलेला निबंध निघाला. अल्कोहोलमधला हायड्रोजन जागेप्रमाणे तीन वेगळे संदेश देतो, हे त्यात दाखवलं होतं. त्यावर एस. एस. धर्मट्टी यांचं नाव आहे. पुढं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनीच या शास्त्राचा पाया घातला. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी अशाच संदेशांतून पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र काढलं. अम्मीच्या तपासणीचं मूळ तिथं आहे.

हेच तंत्र अन्नाच्या अभ्यासातही शिरलं. मोकळ्या पाण्याचा संदेश सेकंदभर, त्याहूनही जास्त टिकतो. स्टार्चमध्ये अडकलेल्या पाण्याचा हजारांश सेकंदांत विझतो. त्यामुळे पाव न कापता, न वाळवता त्यातलं पाणी किती मोकळं आहे ते कळतं.

शिळा पाव कडक का होतो? आपण म्हणतो, वाळला म्हणून. पण बूसेंगो या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५२ सालीच दाखवलं होतं, की पाणी उडू दिलं नाही तरी पाव शिळा होतो आणि तापवला की पुन्हा मऊ पडतो. शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची घडी मोडते. थंड झाल्यावर रेणू पुन्हा जवळ येऊन घट्ट रचना करतात. पाणी आतच राहतं, पण त्याची मोकळीक कमी होते. चुंबकीय तपासणीनं हा बदल मोजता येऊ लागला.

ज्वारीच्या स्टार्चची रीतही हीच. आमच्याकडची आवडती मालदांडी, एम ३५-१, याच जिल्ह्यात मोहोळला निवडलेला वाण. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून अम्मी पिठात आधणाचं पाणी घालायची. त्यानं थोडा स्टार्च आधीच शिजतो आणि पीठ धरून राहतं. सकाळची भाकरी रात्री तव्यावर टाकून ती मऊ करायची. आणि विड्यांचं काम बंद पडेल अशी चिन्हं दिसली, की पातळ भाकऱ्या थापून चुलीच्या धगीला पार कडक करून ठेवायची. त्यांतलं पाणी मात्र खरंच गेलेलं असतं, म्हणून त्या महिनोन्‌महिने टिकतात. शिळी भाकरी आणि कडक भाकरी, दोन्ही कडकच. पण हा फरक तिच्या बोटांना ठाऊक होता. त्यावर आमचे वाईट दिवस निघाले.

आता भाकरी मी थापतो. अम्मी पाटावर बसून परातीत डावं बोट घालते आणि म्हणते, "पाणी अजून गरम पाहिजे." मी मुकाट्यानं पातेलं पुन्हा चुलीवर ठेवतो.