व्यायामशाळा तेवढी उरली

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट नावाचे शहर आहे. बँकांचे शहर. तिथल्या उंच इमारतींपासून पायी जाता येईल अशा अंतरावर एक जुनी व्यायामशाळा उभी आहे. आजूबाजूला ना वर्ग, ना फळे, ना घंटा. परक्या माणसाला वाटावे, कुठल्या तरी क्लबची असेल. ही सेकंड वॉर्ड हायस्कूलची उरलीसुरली खूण. शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांसाठीचे हे पहिले सरकारी हायस्कूल १९२३ मध्ये सुरू झाले आणि १९६९ मध्ये त्याला कुलूप लागले. शाळेची इमारतही मग पाडून टाकली.

शाळा बंद पडली म्हटले की आपण आधी पट विचारतो. मुले कमी झाली असतील, गाव ओस पडले असेल. सेकंड वॉर्डचे तसे नव्हते. ती ज्या ब्रुकलिन वस्तीत होती, ती वस्तीच साठच्या दशकात नगरसुधारणेच्या नावाखाली उठवली गेली. घरे, दुकाने, चर्चेस सगळे गेले. शाळेच्या जागी ‘मेट्रोपॉलिटन’ नावाचे नवे, सर्वांसाठीचे हायस्कूल बांधू, असा शब्द शाळामंडळाने दिला होता. ते कधीच बांधले गेले नाही.

असा निरोप एकट्या शार्लटच्या वाट्याला आलेला नाही. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राऊन’ खटल्यात निकाल दिला की वर्णावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनेत बसत नाहीत. निकाल न्याय्य होता, पिढ्यान्‌पिढ्या लढून मिळवलेला होता. दक्षिणेतल्या राज्यांनी पुढची दहा-बारा वर्षे टाळाटाळ केली. त्याच न्यायालयाच्या १९६८ च्या ‘ग्रीन’ निकालानंतर पळवाटा बंद झाल्या, तेव्हा शाळामंडळांनी एकत्रीकरणाचा सोपा अर्थ काढला: काळ्यांची शाळा बंद करायची आणि तिथली मुले गोऱ्यांच्या शाळेत धाडायची. उलट दिशेने कोणी गेल्याचे उदाहरण शोधावेच लागते.

या शाळा गरीब होत्या, यात शंका नाही. गोऱ्यांच्या शाळेत वापरून झालेली पुस्तके त्यांना मिळत. मुखपृष्ठ उलटले की आतल्या पानावर आधीच्या गोऱ्या मुलाचे नाव. कित्येक ठिकाणी हायस्कूलला हायस्कूल म्हणायचीही चोरी होती, म्हणून पाटीवर ‘ट्रेनिंग स्कूल’. अशाच कॅसवेल काउंटी ट्रेनिंग स्कूलवर व्हेनेसा सिडल वॉकर यांनी १९९६ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यातले शिक्षक मुलांच्या घरी जाणारे, पालकसभा गच्च भरणाऱ्या, आणि सरकार देत नाही ते गाव वर्गणी काढून उभे करणारे. मुख्याध्यापक निकोलस डिलर्ड यांनी ही शाळा तीन दशकांहून अधिक काळ चालवली.

तिथले शिक्षक शिकलेलेही भरपूर असत. इतर व्यवसायांची दारे बंद, त्यामुळे समाजातली हुशार माणसे शाळेतच येत. राज्यातल्या गोऱ्या विद्यापीठांत त्यांना प्रवेश नसे. तो द्यावा लागू नये म्हणून काही राज्ये त्यांना बाहेर शिकायला पैसे देत. उन्हाळ्याच्या सुटीत कित्येक जण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्यापनाची पदवी घ्यायला जात. बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेच हे विद्यापीठ.

याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिले, त्या कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी हा पेच फार आधी ओळखला होता. कृष्णवर्णीयांना वेगळ्या शाळांची गरज आहे का, असा प्रश्नच त्यांनी १९३५ मध्ये एका लेखाच्या शीर्षकात विचारला. शाळा वेगळी की एकत्र, यापेक्षा मुलाला तिथे शिक्षण मिळते का आणि शिकवणाऱ्याला ते मूल आपले वाटते का, यावर त्यांचा रोख होता. तेव्हा अनेकांना हा लेख रुचला नाही.

पुढे घडले ते त्यांच्या भीतीला धरूनच. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा आकडा नेहमी दिला जातो. मुख्याध्यापक होते ते दुसऱ्याच्या हाताखाली गेले. शाळेचे नाव, रंग, गाणे, सगळ्यावर पाणी. नॉर्थ कॅरोलायनातल्याच चॅपल हिलचे लिंकन हायस्कूल १९६६ मध्ये एकत्रीकरणात गेले, तेव्हा मुलांनी जिंकलेल्या करंडकांना नव्या इमारतीत जागा मिळेना. त्यासाठी मुलांना भांडावे लागले. करंडक म्हणजे पत्र्याचा तुकडाच, पण तो कोणाच्या कपाटात आहे याला अर्थ असतो.

शार्लटमध्ये सेकंड वॉर्ड आणि वेस्ट शार्लट या दोन कृष्णवर्णीय शाळांचा फुटबॉल सामना १९४७ पासून दरवर्षी रंगे. ‘क्वीन सिटी क्लासिक’ म्हणत त्याला. बँड, मिरवणूक, नवे कपडे. आपल्याकडच्या जत्रेसारखा थाट. सेकंड वॉर्ड गेले आणि सामनाही गेला. माजी विद्यार्थ्यांनी मात्र एका घरात छोटेसे संग्रहालय मांडले.

सगळ्यांनी मुकाट्याने निरोप घेतला असेही नाही. त्याच राज्याच्या किनाऱ्यावर हाइड काउंटी आहे, शेती आणि मासेमारीचा विरळ वस्तीचा मुलूख. तिथे ओ. ए. पीए आणि डेव्हिस या दोन कृष्णवर्णीय शाळा बंद करून मुलांना मॅटामस्कीट या गोऱ्यांच्या शाळेत पाठवायचे ठरले. पीए हे दिवंगत मुख्याध्यापकांचे नाव. पालकांचा एकत्रीकरणाला विरोध नव्हता. आमच्याच शाळा का बंद, एवढाच त्यांचा सवाल होता. सप्टेंबर १९६८ मध्ये जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय मुलांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि तो वर्षभर चालवला. चर्चमध्ये वर्ग भरले. स्वान क्वार्टर या मुख्य गावात मोर्चे निघाले, अश्रुधूर सुटला, शेकडो जणांना अटक झाली. राजधानी रॅलेपर्यंत पायी मोर्चेही गेले. आपल्याच आवडत्या शाळेसाठी वर्षभर शाळेत न जाणे, हा हिशोब मुलांना कळला होता.

१९६९ च्या नोव्हेंबरात मॅटामस्कीट वाढवण्यासाठी कर्जरोखे काढावेत का, यावर मतदान झाले. मतदारांनी नाही म्हटले. सगळी मुले एकाच इमारतीत मावेनात. डेव्हिस आणि पीए या दोन्ही शाळा चालू राहिल्या, आणि त्यांच्या वर्गांत गोऱ्या घरांतली मुलेही येऊन बसू लागली.